अनेक गळे, एक ठेका: जॅझमधला गायकवृंद कसा शोधायचा

जॅझ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो एकटा वादक. तो ट्रम्पेट फुंकतोय आणि बाकीचे मागे साथ धरून आहेत. गाणं असलंच तर तेही एखाद्या गायिकेचं. त्यामुळे पंधरा-वीस जणांचा गायकवृंद आणि जॅझ ही जोडी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा विजोडच वाटते. पण अशी ध्वनिमुद्रणं आहेत, चांगली भरपूर आहेत, आणि त्यातली काही तर जॅझच्या पहिल्या रांगेतली आहेत. अडचण एवढीच की ती सहजासहजी हाती लागत नाहीत. ॲपवर 'व्होकल जॅझ' असं शोधलं की समोर येतात ते एकटे गाणारे. वृंदाचं नाव अल्बमच्या मुखपृष्ठावर क्वचितच असतं. ते असायचं मागच्या बाजूला, बारीक टायपात, आणि मोबाइलवर ऐकायला लागल्यापासून ती मागची बाजूच गेली.

शोधायला निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं काम सोपं होतं. ती म्हणजे, गायकवृंदाला जॅझ गाणं इतकं जड का जातं.

जॅझचा जीव स्विंगमध्ये. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे नसतात. पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो. किती लांबवायचा, हे लयीवर ठरतं आणि वाजवणाऱ्यावरही. शिवाय सूर ठेक्याच्या बरोबर डोक्यावर टाकायचा की केसभर मागे, यातही माणसागणिक फरक. हे कागदावर नीट लिहिता येत नाही. एकटा सॅक्सोफोनवाला ते अंगातून करून मोकळा होतो. तीस जणांना मात्र ते एकाच क्षणी, एकाच मापानं करायचं असतं.

थोडा हिशेब करून बघू. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायक दहा मीटरभर पसरून उभे असतील तर या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचेपर्यंत सुमारे ३० मिलिसेकंद गेलेले असतात. मिनिटाला २४० मात्रांच्या जलद लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्धी मात्रा १२५ची. याचा अर्थ नुसत्या अंतरापायी अर्ध्या मात्रेचा जवळजवळ चौथा हिस्सा वाया. स्विंगचा सगळा खेळ नेमका याच मापाचा असतो. त्यात गायकांना शब्द उच्चारायचे असतात, आणि शब्दाच्या शेवटचा 'स' किंवा 'ट' तीस तोंडांतून थोडा मागेपुढे पडला की ठेक्याची कडच बोथट होते. मालगाडीचं इंजिन हललं तरी शेवटच्या डब्याला हिसका उशिराच बसतो, तसं काहीसं. आणि जागा चर्चची असेल तर विचारूच नका. तिथे आवाज दोन सेकंद जरी घुमला, तरी या लयीत आठ मात्रा एकमेकींवर चढून बसतात.

ही अडचण कागदावरची नाही. १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये ती एका स्टुडिओत प्रत्यक्ष उभी राहिली. डेव्ह लॅम्बर्ट आणि जॉन हेंड्रिक्स या दोघा गायकांनी ठरवलं की पियानोवादक काउंट बेसीच्या बिग बँडच्या, म्हणजे पंधराएक वादकांच्या ताफ्याच्या, गाजलेल्या रचना माणसांच्या गळ्यातून गाऊन घ्यायच्या. ट्रम्पेटची ओळ, ट्रॉम्बोनची ओळ, सॅक्सोफोनची ओळ, सगळ्या गायकांना वाटून द्यायच्या. मूळ रेकॉर्डवर वादकानं आयत्या वेळी सुचून वाजवलेल्या तुकड्यांनासुद्धा हेंड्रिक्सनं शब्द लिहिले होते. त्यासाठी स्टुडिओत नेहमी गाणारे मुरलेले गायक बोलावले. सूर पक्के, स्वरलेखन वाचण्यात चोख. गायले, आणि स्विंगचा पत्ता नाही. त्यांना बेसीची चाल शिकवायला ॲनी रॉस या गायिकेला आणलं, तरी काही जमेना. शेवटी लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तिघांनीच सगळे भाग स्वतः गायचे ठरवलं. एक थर ध्वनिमुद्रित करायचा, तो ऐकत त्यावर दुसरा गायचा, मग तिसरा. त्यातून झालेला अल्बम म्हणजे 'सिंग अ साँग ऑफ बेसी'. ऐकताना डझनभर माणसं गाताहेत असं वाटतं. साथीला बेसीच्याच बँडचे फ्रेडी ग्रीन, एडी जोन्स आणि सनी पेन, म्हणजे गिटार, बेस आणि ड्रम्सवर मूळ इंजिनच. पियानोवर बेसी तेवढा नाही, नॅट पियर्स आहे.

तर प्रश्न असा: ठेका कोणी सांभाळायचा? गायकवृंदानं, की वृंदानं तो बँडवर सोपवून स्वतः दुसरं काही करायचं? गायकवृंद असलेलं जॅझचं कोणतंही ध्वनिमुद्रण ऐकताना हा एक प्रश्न मनात ठेवा. बहुतेक सगळं त्यात उलगडतं.

ज्यांनी ठेका गळ्यावरच घ्यायचा ठरवला त्यांनी माणसं कमी केली. पॅरिसमध्ये १९५९ साली मिमी पेरॅनं 'ले दुब्ल सिस' हा गट काढला. सहा गायक, प्रत्येकाचा आवाज दोनदा ध्वनिमुद्रित, म्हणून 'दुहेरी सहा'. पहिलाच अल्बम अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्सच्या रचनांवर. फ्रेंच भाषेतली व्यंजनं या वेगाला इतकी चपखल बसतात की एक शब्द कळला नाही तरी ऐकायला मजा येते. याच गटात वॉर्ड स्विंगल नावाचा अमेरिकन होता. त्यानं पुढे आठ जणांचे 'स्विंगल सिंगर्स' उभे केले आणि १९६३मध्ये बाखच्या रचना गायल्या. बाखचे सूर जवळपास जसेच्या तसे, खाली बेस आणि ड्रम्स, आणि शब्दांच्या जागी 'दू', 'बा', 'दाबा'. ही अक्षरं उगाच निवडलेली नाहीत. 'द' आणि 'ब' उच्चारताना जीभ किंवा ओठ हवा अडवून सोडतात, त्यामुळे सुराला वाद्यासारखी धार येते, आणि शेवटी घोळ घालायला व्यंजनही उरत नाही. ऐकायला हे फार लोभस आहे. पण यात आयत्या वेळचं सुचणं काहीच नाही, मग याला जॅझ म्हणायचं का? माझ्या मते हा जॅझचा शेजारी आहे, घरातला नाही. १९६६ साली याच मंडळींनी मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चौघांच्या बँडबरोबर 'प्लास व्हाँदोम' हा अल्बम केला. तिथे जॉन लुईसचा पियानो आणि मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आहेत, म्हणून घरात जाण्याचा दरवाजा निदान किलकिला होतो.

आता दुसरी वाट, आणि मला स्वतःला जास्त भावणारी. इथे वृंदानं ठेका सोडून दिला आणि शब्दही सोडले. नुसता आकार किंवा ऊकार. ठेका बँडकडे. डोनल्ड बर्डचा 'अ न्यू पर्स्पेक्टिव्ह' हा या वाटेवरचा मैलाचा दगड. जानेवारी १९६३मध्ये न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, ब्लू नोट कंपनीनं पुढच्या वर्षी काढला. बर्ड हा डेट्रॉइटचा ट्रम्पेटवादक, एका मेथडिस्ट पाद्र्याचा मुलगा. लहानपणापासून कानावर पडलेल्या चर्चच्या संगीताला आधुनिक रूप द्यायचं, एक प्रकारचं आजच्या काळाचं स्तोत्रपुस्तक करायचं, असा त्याचा विचार होता. बँडमध्ये सॅक्सोफोनवर हँक मोब्ली, गिटारवर केनी बरेल आणि पियानोवर विशीतला हर्बी हॅनकॉक. आणि सोबत फक्त आठ गायकांचा वृंद.

यातलं 'क्रिस्टो रेदेंतोर' हे साधारण पावणेसहा मिनिटांचं गाणं एकदा नीट कान देऊन ऐका. रचना आणि गायकांचं संयोजन ड्यूक पिअर्सनचं. रिओ दि जानेरोच्या डोंगरावरचा ख्रिस्ताचा भव्य पुतळा पाहून त्याला ती सुचली. लय अगदी विलंबित. गायक एक शब्द उच्चारत नाहीत. सूर लांबवतात, सोडतात, पुन्हा धरतात. बर्डचा ट्रम्पेट त्या सुरांवर बोलत राहतो, मोजकं आणि घाई न करता. हॅनकॉकचा पियानो येतो तेव्हा त्यात ब्लूज आणि चर्च दोन्ही एकदम ऐकू येतात. आता लक्ष द्या ते गायकांच्या सुरांच्या कडांकडे. सूर सुरू कधी झाला ते नेमकं सांगता येत नाही, तो उगवतो. जलद लयीत हाच दोष ठरला असता, विलंबित लयीत तो गुण होतो. मघाचा मिलिसेकंदांचा सगळा हिशेब इथे उलटा कामी आलाय. त्याच अल्बममधलं पहिलं गाणं 'एलायजा' लगेच पाठोपाठ ऐकलं तर फरक चांगलाच कळेल. तिथे लय जलद आहे, आणि बँडनं काही म्हटलं की वृंदानं उत्तर द्यायचं, असा सवाल-जवाबाचा घाट आहे. उत्तरं छोटी ठेवली आहेत, म्हणून निभतं.

या वृंदाचं संचालन करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा: कोलरिज-टेलर पर्किन्सन. शास्त्रीय शिक्षण घेतलेला आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार. हेच नाव बर्डच्या आधी, १९६२च्या एका अल्बमवर सापडतं: ड्रमर मॅक्स रोचचा 'इट्स टाइम'. रोचनं सोळा गायक घेतले आणि त्यांना आडव्यातिडव्या, टोकदार, अंगावर येणाऱ्या सुरावटी दिल्या. गोडवा असा नाहीच. अमेरिकेत तेव्हा नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती आणि रोच त्यात उघडपणे उतरलेला होता. गायकांचे आवाज तिथे जमावाच्या घोषणांसारखे आदळतात. पहिल्या ऐकण्यात तो आवडेलच असं नाही. मला तो बर्डच्या अल्बमपेक्षा धाडसी वाटतो, पण पुन्हा पुन्हा लावला जातो तो बर्डचाच.

१९६२ ते १९७३ या दशकभरात असं संगीत एकदम एवढं का झालं? चळवळ हे एक कारण. 'आम्ही' म्हणायचं असेल तर एकट्या ट्रम्पेटपेक्षा वीस गळे जास्त खरे वाटतात. दुसरं कारण चर्चच्या आतलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, १९६२ ते १९६५ या काळात, कॅथलिक उपासनेत लोकांच्या भाषेला आणि संगीताला जागा करून दिली. प्रॉटेस्टंट चर्चेसमध्येही जॅझ वाजवण्याचे प्रयोग चालू झालेच होते. आणि बरेचसे कृष्णवर्णीय वादक चर्चमध्येच गाणं शिकलेले होते. त्यांच्यासाठी ही घरवापसी होती.

मेरी लू विल्यम्सचं उदाहरण घ्या. १९३०च्या दशकापासून नाव कमावलेली ही पियानोवादक आणि संगीतकार १९५४मध्ये अचानक मंचापासून दूर झाली आणि १९५७मध्ये कॅथलिक झाली. परतल्यानंतरची तिची एक मोठी रचना म्हणजे मार्टिन दे पोरेस या पेरूमधल्या मिश्रवर्णीय संतावरचं स्तोत्र. १९६२ साली, म्हणजे त्याला संतपद मिळालं त्याच वर्षी, तिनं ते रचलं. 'ब्लॅक क्राइस्ट ऑफ दि अँडीज' या अल्बमची सुरुवात त्यानंच होते. बहुतेक सगळं स्तोत्र विनासाथ, फक्त आवाज. पण हार्मनी, म्हणजे एकाच वेळी गायल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या सुरांची जुळणी, अशी की चर्चच्या कुठल्याही स्तोत्रसंग्रहात सापडणार नाही. सूर एकमेकांना इतके खेटून ठेवलेत की ते घासले जातात, बिग बँडच्या सॅक्सोफोनसारखे. मध्येच थोडा वेळ तिचा पियानो लॅटिन ठेक्यावर येऊन जातो. स्विंग जवळपास नाहीच, तरी हे जॅझ आहे, कारण जॅझ इथे ठेक्यातून हार्मनीत उतरलाय.

पियानोवादक, संगीतकार आणि बिग बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन याला टाळून पुढे जाता येणार नाही. १६ सप्टेंबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्यानं पहिली 'सेक्रेड कॉन्सर्ट' केली. नाइटक्लबमध्ये हयात घालवलेला माणूस देवळात बँड घेऊन आला म्हणून काहींनी नाकं मुरडली. आपण आजवर केलेलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, असं एलिंग्टन स्वतः म्हणत असे. 'इन द बिगिनिंग गॉड' ही मुख्य रचना बायबलच्या पहिल्या शब्दांच्या सहा अक्षरांवर बेतलेल्या सहा सुरांनी सुरू होते. पुढे वृंद बायबलमधल्या पुस्तकांची नावं एकामागून एक म्हणत जातो आणि त्यावर एकल वादन चालतं. इथे एलिंग्टनची हुशारी दिसते. वृंदाला जड जाणारं स्विंग त्यानं वृंदाकडे मागितलंच नाही. नावं म्हणायला लावली, म्हणजे गायकवृंद जवळजवळ तालवाद्य झाला. 'डेव्हिड डान्स्ड' या तुकड्यात तर वृंदाच्या जोडीला बनी ब्रिग्जचा टॅप डान्स आहे. देवापुढे राजा डेव्हिड नाचला, ते अक्षरशः बुटांच्या टाचांतून ऐकू येतं.

दुसरी कॉन्सर्ट जानेवारी १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइनमध्ये झाली, तिचा दुहेरी अल्बमही निघाला. त्यात स्वीडनची अ‍ॅलिस बॅब्स गाते. तिचा आवाज वरच्या पट्टीत क्लॅरिनेटसारखा सरळ चालतो. त्यातल्या 'इट्स फ्रीडम' या लांबलचक तुकड्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द जगातल्या अनेक भाषांत उच्चारला जातो. तिसरी कॉन्सर्ट ऑक्टोबर १९७३मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाली. तेव्हा एलिंग्टन खूप आजारी होता, सात महिन्यांनी तो गेला. खरं सांगायचं तर या तिन्हींचा दर्जा एकसारखा नाही, भाषणबाजी कधी कधी लांबते. गावोगावी कार्यक्रम करताना तो अनेकदा तिथलाच वृंद घ्यायचा, त्यामुळे गायकीही कमीजास्त व्हायची. सुरुवात करायची तर पहिलीपासून करा.

याच काळात ब्लू नोटनं आणखी दोन विलक्षण अल्बम काढले आणि ते बरीच वर्षं दुर्लक्षित राहिले. पियानोवादक अँड्र्यू हिलचा १९६९ साली ध्वनिमुद्रित झालेला 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस', सात गायकांचा. आणि ट्रम्पेटवादक एडी गेलचा 'गेटो म्युझिक'. त्यात दोन बेस, दोन ड्रमर आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीसारखा वृंद. हिलचे गायक वाकड्या सुरावटींतून सफाईनं वळतात, गेलचे मोकळ्या गळ्यानं ओरडतात. १९७१मध्ये मॅक्स रोचनं पुन्हा वृंद घेतला, 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग'साठी. या वेळी जे. सी. व्हाइट सिंगर्स, म्हणजे थेट गॉस्पेल, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं, गाणारी मंडळी. इथे मूळ प्रश्नाचं आणखी एक उत्तर मिळतं. गॉस्पेलच्या गायकांना ठेका शिकवावा लागत नाही. ते टाळ्या वाजवत, डुलत गातात, त्यामुळे तीस जणांची लय कानांनी नाही, अंगांनी जुळलेली असते.

ॲलिस कोल्ट्रेनची गोष्ट थोडी वेगळी आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची पत्नी, स्वतः पियानो आणि हार्प वाजवणारी, पुढे स्वामिनी तुरीयसंगीतानंद. १९८०च्या दशकापासून तिनं कॅलिफोर्नियातल्या आपल्या आश्रमात भजनं ध्वनिमुद्रित केली आणि ती कॅसेटवर काढली. २०१७मध्ये लुआका बॉप कंपनीनं त्यांतली निवडक भजनं नव्यानं प्रसिद्ध केली, तेव्हा बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. संस्कृत नामावली आहे, पण गाणारी मंडळी अमेरिकन आणि गळ्यात गॉस्पेल मुरलेलं. मागे ऑर्गन आणि घसरत वर जाणारा सिंथेसायझर. आपण अशी नामावली शेकडो वेळा ऐकलेली असते, पण ती अशी नाही. आपल्या कानाला उच्चार खटकतील, दोन मिनिटं दम धरा.

अलीकडचं एकच नाव सांगतो. सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचा 'दि एपिक', २०१५. जवळजवळ तीन तास, ३२ जणांचा वाद्यवृंद आणि २० गायक. बँड आधी ध्वनिमुद्रित झाला, वाद्यवृंद आणि गायक नंतर त्यावर चढवले. म्हणजे बेसीच्या वेळची थरांची युक्ती, फक्त मोठ्या प्रमाणावर. बर्डचा ऊकार इथे सिनेमाच्या पडद्याएवढा होतो. काही ठिकाणी जास्तच होतो असं माझं मत, पण 'चेंज ऑफ द गार्ड' जरूर ऐका.

आता शोधायचं कसं ते. मुख्य कलाकाराच्या नावानं जाऊ नका, वृंदाच्या संचालकाच्या आणि संयोजकाच्या नावानं जा. पर्किन्सन धरला की रोच मिळतो, बर्ड मिळतो, बर्डचा पुढचा 'आय अ‍ॅम ट्राइंग टू गेट होम'ही मिळतो. पिअर्सन धरला की त्याचा स्वतःचा गायकवृंदाचा १९६९चा 'हाऊ इन्सेन्सिटिव्ह' सापडतो. ॲपवर ही नावं बहुधा नसतात. डिस्कॉग्जसारख्या, इंटरनेटवरच्या अल्बमांच्या सूचीत अल्बमच्या पानावर श्रेयनामावली असते, तिथे 'कॉयर', 'कोरस' किंवा 'व्हॉइसेस' असे शब्द दिसले की त्यापुढच्या नावावर टिचकी मारायची आणि त्या माणसानं आणखी काय केलंय ते बघायचं.

आणि एक सोपी खूण: अल्बमच्या नावातच 'व्हॉइसेस' शोधा. मॅकॉय टायनरचा 'इनर व्हॉइसेस', होरेस सिल्व्हरचा 'सिल्व्हर एन व्हॉइसेस', दोन्ही १९७०च्या दशकातले, दोन्ही ऐकण्याजोगे. स्टॅन गेट्झचाही 'व्हॉइसेस' नावाचा अल्बम आहे. त्यात वृंद फक्त मऊ गालिचा म्हणून अंथरलाय, गेट्झचा सॅक्सोफोन त्यावरून फिरतो आणि गायकांना करायला फारसं काही उरत नाही. तो अगदी शेवटी ऐकलात तरी चालेल.